प्रकाशित अक्षरे आणि देवनागरी नामफलक

देवनागरी लिपीच्या इतिहासाचा विचार करताना शिलालेख, ताम्रपट, पोथी, शिळाछाप, खिळे आणि टंकलेखनयंत्र इतक्या साधनांचा परामर्श सहसा घेतला जातो. दुकानाच्या दारावरील पाटी मात्र या मालिकेत क्वचितच येते. वस्तुतः शहरात राहणारा मनुष्य पुस्तकाबाहेर जी अक्षरे दररोज वाचतो, त्यांतील फार मोठा भाग पाट्यांवरचा असतो. आणि दिवेलागणीनंतर तर तो बहुतांशी प्रकाशित पाट्यांवरचाच असतो. २०२२ साली महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मराठी नामफलक सर्व लहानमोठ्या दुकानांना सक्तीचा झाला. तेव्हापासून, कोणती अक्षरे घ्यावीत आणि ती कशी उजळावीत, हा प्रश्न राज्यातील असंख्य दुकानदारांपुढे व्यवहाराचा प्रश्न म्हणून उभा राहिला. हा प्रश्न वरवर पाहता खर्चाचा व हौसेचा वाटतो. परंतु ज्या तंत्रांतून ही अक्षरे घडतात ती जवळजवळ सर्व रोमन अक्षर डोळ्यांपुढे ठेवून विकसित झालेली आहेत. त्यामुळे प्रत्येक निवडीत देवनागरीच्या एखाद्या अवयवाचे काय होणार, याचाही निर्णय नकळत होत असतो.

पाटी आणि प्रकाश यांचा संबंध आरंभी केवळ शेजाराचा होता. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली आले. क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे १८८२ साली लागले. आणि बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ साली स्थापन झाल्यावर वीज हळूहळू पेढ्यांपर्यंत व दुकानांपर्यंत पोहोचू लागली. या काळातील पाटी लाकडाची किंवा पत्र्याची असे. तिच्यावरील अक्षरे पेंटरच्या हाताची असत, आणि दिवा असलाच तर तो पाटीच्या वर किंवा पुढे टांगलेला असे. अक्षर स्वतः प्रकाशत नव्हते. त्याच्यावर प्रकाश पडत होता. हा भेद क्षुल्लक नाही. ज्यावर प्रकाश पडतो ते अक्षर कागदावरील अक्षरासारखेच वाचले जाते. त्यातील जाड-बारीक रेषांचा डौल, गाठी, कोन, रेषांमधील मोकळी जागा ही सर्व जशीच्या तशी राहतात. म्हणून पेंटरला आपल्या वळणात काही बदल करण्याचे कारण नव्हते. खडूच्या दोरीने सरळ रेषा आखावी आणि तिच्याखाली अक्षरे टांगीत जावे, ही त्याची रीत मोडी लेखकाच्या रीतीहून फार निराळी नव्हती. मोडीतही कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ आधी ओढली जाई आणि मग तिला अक्षरे लटकवली जात.

हा शेजार संपून प्रकाश हेच अक्षर झाले ते निऑनच्या नळीने. विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी निऑन वायूचा शोध १८९८ साली लंडनमध्ये लावला. हवेचे द्रवीकरण करण्याचा उद्योग करणाऱ्या झॉर्झ क्लोद या फ्रेंच संशोधकाला हा वायू उपपदार्थ म्हणून पुरेशा प्रमाणात मिळू लागला, आणि १९१० च्या डिसेंबरात पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात त्याने सुमारे बारा मीटर लांबीच्या दोन नळ्या उजळून दाखवल्या. व्यापारी उपयोगाची पहिली निऑनची पाटी १९१२ साली पॅरिसमधील एका केशकर्तनालयावर लागली, असे सांगितले जाते. क्लोदला अमेरिकन पेटंट १९१५ साली मिळाले, आणि पुढील दोन दशकांत हे तंत्र जगातील मोठ्या शहरांच्या व्यापारी पेठांत पसरले.

निऑनच्या अक्षराची घडण समजावून घेतल्याशिवाय देवनागरीची अडचण कळणार नाही. काचेची पोकळ नळी ज्योतीवर तापवून हवी तशी वाकवावयाची, आतील हवा काढून टाकून अत्यल्प दाबाने वायू भरावयाचा, आणि दोन्ही टोकांना बसवलेल्या विद्युदग्रांमधून हजारो व्होल्टचा दाब द्यावयाचा, असा हा क्रम आहे. शुद्ध निऑनचा प्रकाश तांबडा-नारिंगी असतो. आर्गॉन आणि पारा यांच्या मिश्रणाने निळा मिळतो. आणि नळीला आतून निरनिराळ्या प्रस्फुरकांचा लेप दिला की इतर रंग साधतात. लिपीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की नळीला फांदी फुटत नाही. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाते. म्हणजे निऑनचे प्रत्येक अक्षर हे मुळात एकाच न उचललेल्या लेखणीचे अक्षर होय. जेथे लेखणी उचलणे अपरिहार्य असते तेथे कारागीर नळी मागच्या बाजूने वळवून नेतो आणि तेवढा भाग काळ्या रंगाने झाकतो.

रोमन लिपीच्या तिरक्या, जोडून लिहिण्याच्या वळणाला ही अट मानवली. तसल्या वळणात शब्दच्या शब्द एका ओघात लिहिता येतो, आणि निऑनच्या जुन्या पाट्यांवर ते वळण इतके का आढळते याचे एक कारण हेच असावे. देवनागरीचा पिंड वेगळा आहे. 'क' घेतला तर मधल्या दंडाच्या डाव्या अंगाला वाटोळा पोट आणि उजव्या अंगाला आकडा. दंडावरून नळी दोनदा नेल्यावाचून किंवा मागून फिरवल्यावाचून हे दोन्ही जमत नाहीत. 'म'ची गाठ, 'क्ष' आणि 'त्र' यांच्या आतील चढउतार, रफार, पाऊण अंगाने जोडलेले अर्धे वर्ण ही सर्व काच वाकवणाऱ्याच्या कौशल्याची परीक्षा पाहणारी स्थळे आहेत. शिरोरेखेचा प्रश्न याहून निराळा आहे. ती सर्वांत सोपी, कारण सरळ. परंतु तिची नळी अक्षरांच्या नळ्यांहून स्वतंत्र ठेवावी लागते. अशा पाटीत अक्षरांची मंडले विझली आणि शिरोरेखेचे मंडल चालू राहिले, तर अंधारात एक तेजस्वी आडवी रेघ तेवढी राहते. जिचे काम अक्षरांना एकत्र धरून शब्द दाखवणे, ती एकटी उरली की काहीच सांगत नाही. उलट अक्षरे जळत राहून शिरोरेखा विझली तर मराठी वाचकाचे फारसे अडत नाही. गुजराती लिपीला शिरोरेखा नाही, आणि मुंबईच्या रस्त्यांवर गुजराती पाट्या पिढ्यान्‌पिढ्या मराठी पाट्यांच्या शेजारी वाचल्या गेल्या आहेत.

१९३० नंतरच्या दशकात मुंबईत रीगल (१९३३), मेट्रो व इरॉस (दोन्ही १९३८) यांसारखी चित्रपटगृहे उभी राहिली आणि इमारतीच्या दर्शनी भागावर अक्षर हा वास्तूचाच एक अवयव झाला. ही अक्षरे मुख्यतः रोमन होती. दक्षिण मुंबईतील त्या काळच्या इमारतींवरील नावांतही रोमन अक्षराचेच प्राबल्य दिसते. देवनागरी अक्षरलेखनाची जी समर्थ परंपरा विसाव्या शतकात मराठीत निर्माण झाली ती वेगळ्या क्षेत्रात, म्हणजे छापील कागदावर, निर्माण झाली. १८६९ साली स्थापन झालेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी मराठी वाचकाच्या डोळ्याला एक घाटदार वळण लावून दिले होते. पुढे नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षके, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि मासिकांची नावे यांतून अक्षराला व्यक्तिमत्त्व देण्याची कला वाढली. २०२० साली दिवंगत झालेले कमल शेडगे यांचे नाट्यजाहिरातींतील काम या परंपरेचा उत्कर्ष मानावयास हरकत नाही. पण हे सारे काळ्या शाईचे वैभव होते. पांढऱ्या कागदावरील काळे अक्षर आणि काळ्या रात्रीतील पांढरे अक्षर या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि दुसरीचा अनुभव देवनागरीच्या अक्षरकारांना फार थोडा मिळाला.

निऑननंतर आलेल्या 'ग्लो साइन' पेटीविषयी विस्ताराने लिहिण्यासारखे थोडे आहे. अॅक्रिलिकचा दुधी पत्रा, त्यामागे ट्यूबलाइट, आणि पत्र्यावर चिकटवलेली किंवा रंगवलेली अक्षरे, एवढाच तिचा संसार. येथे उजळते ती पाटीची भूमी. अक्षर पुन्हा अपारदर्शक होऊन कागदावरच्यासारखे दिसू लागते. लिपीशी या पेटीचे वैर नव्हते. पुढे पीव्हीसीच्या कापडावर संगणकाने छापलेले 'फ्लेक्स' आले आणि पेंटरचा व्यवसाय ओसरला. त्याबरोबर पाटीच्या शुद्धाशुद्धतेची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. तिच्याकडे पुढे वळावयाचे आहे.

सध्याच्या प्रकाशित अक्षराचा पाया एलईडी हा आहे. निळा प्रकाश देणारा समर्थ एलईडी १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये सिद्ध झाला आणि त्यातून पांढऱ्या एलईडीचा मार्ग मोकळा झाला. अकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना त्याबद्दल २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एलईडीच्या लहान लहान पट्ट्या बारा व्होल्टवर चालतात, फार तापत नाहीत आणि अरुंद पोकळीतही मावतात. त्यामुळे पत्र्याच्या किंवा अॅक्रिलिकच्या पोकळ अक्षराच्या पोटात दिवे बसवणे सोपे झाले. बाजारात ज्यांना सरसकट 'थ्री-डी अक्षरे' म्हणतात ती हीच. यांत मुख्य प्रकार दोन. एकात अक्षराचा दर्शनी भाग अर्धपारदर्शक असून तोच उजळतो. दुसऱ्यात दर्शनी भाग भरीव धातूचा असतो आणि प्रकाश मागून भिंतीवर पडतो, म्हणजे अक्षर काळसर राहून त्याच्याभोवती तेजाची कड दिसते. एलईडी बसवलेल्या सिलिकॉनच्या लवचीक पट्टीने निऑनची नक्कल करण्याचा तिसराही प्रकार रूढ झाला आहे. ती पट्टी कापता येत असल्याने अखंडतेची जुनी अट मात्र तिने सैल केली.

पोकळ अक्षराची ही पद्धत रोमन लिपीच्या स्वभावाला पूर्णपणे अनुकूल आहे, कारण रोमन मोठ्या अक्षरांत प्रत्येक अक्षर सुटे असते: एक अक्षर, एक पेटी. देवनागरीत एकक कोणते मानावयाचे? शिरोरेखा शब्दभर जोडलेली असल्याने तत्त्वतः एक शब्द म्हणजे एक पेटी. परंतु अॅक्रिलिकचा पत्रा बहुधा आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा मापात मिळतो. त्याहून लांब शब्द जोडावाच लागतो, आणि मोठी पेटी भिंतीवर चढवणेही कष्टाचे. म्हणून व्यवहारात तीन मार्ग निघाले. पहिला, शब्द अखंड ठेवून जोड दंडाच्या आड लपवणे; हा सर्वांत चांगला आणि बहुधा सर्वांत महाग. दुसरा, शिरोरेखा प्रत्येक अक्षरापाशी तोडून अक्षरे सुटी करणे. तिसरा, शिरोरेखा मुळातच काढून टाकणे. दुसऱ्या मार्गातील धोका दिवसा दिसत नाही. दिवसा तोडलेल्या जागी बारीक फट असते आणि डोळा ती भरून काढतो. रात्री प्रत्येक पेटीची बाजू काळी राहिल्याने ती फट रुंद भासते, आणि शब्द विखुरल्यासारखा होतो. देवनागरीत शब्दाची सीमा दोन खुणांनी कळते: मोकळी जागा आणि शिरोरेखेचा खंड. प्रत्येक अक्षरापाशी खंड पडला की दुसरी खूण निरर्थक होते आणि सारा भार पहिलीवर पडतो. पाटीवर तर जागा वाचवण्यासाठी शब्दांमधील अंतर आधीच कमी केलेले असते. तिसऱ्या मार्गात निदान ही फसगत नाही. शिरोरेखा नाहीच म्हटल्यावर डोळा तिची अपेक्षा सोडतो. शिरोरेखा मोडलेली ठेवण्यापेक्षा ती नसलेली बरी, असे म्हणणे परंपरेच्या अभिमान्यांना रुचणार नाही. पण वाचनाच्या दृष्टीने ते खरे आहे.

मात्र शिरोरेखा काढताना एका गोष्टीची खबरदारी घ्यावी लागते. देवनागरीतील काही वर्णांचा परस्परभेद शिरोरेखेतील खंडावरच उभा होता. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' या जोड्यांत एकाची शिरोरेखा अखंड, दुसऱ्याची डावीकडे तुटलेली. लिपिसुधारणेच्या चळवळीत ही दुर्बलता वारंवार चर्चिली गेली. १९५३ च्या लखनौ परिषदेने इ-काराची वेलांटी उजवीकडे नेण्याचा जो निर्णय केला तो लोकांना मानवला नाही व १९५७ साली मागे घ्यावा लागला. पण 'ध' आणि 'भ' यांना घुंडी देऊन त्यांची ओळख शिरोरेखेवर अवलंबून ठेवावयाची नाही, आणि 'ख'चे दोन भाग तळाशी जोडून तो 'रव' असा वाचला जाणार नाही असे करावयाचे, हे बदल टिकले. त्या चर्चेत पाटीचा विचार कोणाच्या मनात असेल असे वाटत नाही. तरी प्रकाशित पाटीला तिचा सर्वाधिक उपयोग झाला आहे.

कारण प्रकाशाचा एक धर्म असा की उजळ आकृती गडद भूमीवर आपल्या मापाहून मोठी भासते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने या दृष्टिभ्रमाचा विचार केला होता. उजळलेली रेषा जाड दिसते, आणि तिच्या आतील पोकळी त्या मानाने आकसते. रोमन मोठ्या अक्षरांत पोकळ्या थोड्या आणि मोठ्या असल्याने हानी कमी. देवनागरीत 'ब'मधील तिरपी रेघ, 'ष'मधील छेद, 'भ'ची घुंडी, 'थ'चे वेटोळे हे सर्व अर्थभेदक अवयव लहान आणि दाट आहेत. भांड्यांच्या दुकानावर जाड्या ठशाच्या अक्षरांत 'भांडी' लिहिले आणि पांढरा प्रकाश भरपूर दिला, तर काही पावले दूर गेल्यावर घुंडी व फट दोन्ही प्रकाशात बुडतात आणि तेथे 'मांडी' वाचली जाते. 'भाजी'ची 'माजी' होते, 'धन'चा 'घन' होतो. दुकानदाराची प्रवृत्ती अक्षर जितके जाड तितके लांबून दिसेल असे मानण्याची असते. ते दिसते हे खरे. पण वाचले जात नाही. अलीकडे मुंबईतील 'एक टाइप' या अक्षरकारांच्या संस्थेने मुक्त, बलू, मोदक यांसारखे टंक प्रसिद्ध केले आणि देवनागरीला पूर्वी नसलेले वैविध्य दिले. त्यांतील 'मोदक' हा अतिशय जाड, आतील पोकळ्या केवळ रेघेएवढ्या ठेवलेला टंक छापील कागदावर मोठा गमतीदार दिसतो. परंतु दर्शनी भाग उजळणाऱ्या अक्षरांसाठी तो घेणे म्हणजे त्याच्या कर्त्यांनी हिशेबाने राखलेली रेघ प्रकाशाला देऊन टाकणे होय. मुक्तसारखा मध्यम वजनाचा टंक, किंबहुना त्याहूनही एक पायरी हलका, रात्री अपेक्षित जाडीचा दिसतो. ज्याला जाडच अक्षर हवे असेल त्याने मागून प्रकाश टाकणारा प्रकार घ्यावा. तेथे अक्षर गडद आणि भूमी उजळ असल्याने हाच दृष्टिभ्रम उलट दिशेने काम करतो, रेषा किंचित बारीक भासतात आणि पोकळ्या मोकळ्या राहतात. मात्र त्यासाठी मागची भिंत फिकट आणि खरखरीत हवी. चकचकीत पत्र्यावर दिव्यांचे ठिपकेच प्रतिबिंबित होतात.

अनुस्वार आणि अर्धचंद्र यांची स्थिती याहून नाजूक आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य झाले आणि व्युत्पत्तीसाठी लिहिले जाणारे अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यानंतर जे अनुस्वार उरले त्यांना उच्चारात किंवा व्याकरणात काही ना काही काम आहे. पाटीवर अनुस्वार हा शब्दाच्या देहापासून तुटलेला एकुलता ठिपका असतो. त्याला स्वतंत्र पेटी, स्वतंत्र दिवा आणि पत्र्यामागून ओढलेली स्वतंत्र तार लागते. तीच तार प्रथम सुटते. निऑनच्या काळात एक नळी फुटली की तिच्या मंडलातील सारी अक्षरे एकदम विझत आणि पाटी बिघडली आहे हे सर्वांना कळे. एलईडीच्या पाटीत एखादा अवयवच तेवढा विझतो आणि उरलेला शब्द साळसूदपणे जळत राहतो. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी मराठीने स्वीकारलेल्या अर्धचंद्राचेही तेच. एखाद्या लग्नाच्या कार्यालयावरील 'हॉल' या शब्दाचा चंद्र विझला की 'हाल' उरतात. हसू येण्याजोगी गोष्ट आहे. पण ऑ आणि आ, अॅ आणि ए यांतील भेद मराठीच्या वर्णव्यवस्थेत अलीकडे स्थिर झालेला आहे आणि दुकानांच्या नावांत तो पदोपदी लागतो. ठिपका व चंद्र यांना शिरोरेखेशी बारीक दांडीने जोडून एकाच पेटीत घेणे, अथवा त्यांच्यापुरती भूमी अपारदर्शक ठेवून ते एकाच पत्र्यात कोरणे, हे उपाय कारागिरांना ठाऊक आहेत. ते मागावे लागतात इतकेच.

आता कायद्याकडे वळावयास हवे. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाची जागा महाराष्ट्रात २०१७ च्या अधिनियमाने घेतली. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात ३६ क हे कलम आले. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही त्याच्या कक्षेत आली. फलक मराठीत व देवनागरी लिपीत असावा, अन्य भाषेतही नाव देता येईल, परंतु मराठी अक्षरे आरंभी असावीत आणि त्यांचा टंक-आकार इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान असू नये, असा त्याचा आशय आहे. व्यापाऱ्यांनी मराठी फलकाच्या सक्तीला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये याचिका फेटाळली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई महानगरपालिकेने असा फलक नसलेल्या दुकानांना १ मेपासून दुप्पट मालमत्ता कर आणि प्रकाशित फलकांचा परवाना रद्द करणे, अशा उपायांची घोषणा केली.

या कलमाच्या हेतूविषयी येथे वाद घालावयाचा नाही. प्रश्न आहे तो 'टंक-आकार' या पदाचा. छपाईत टंकाचा आकार म्हणजे खिळ्याच्या देहाची उंची. त्यावरील ठशाची नव्हे. पाटीवर खिळा नसतो, त्यामुळे मोजावयाचे काय हेच अनिश्चित राहते. रोमन मोठ्या अक्षराला एकच मजला असतो. देवनागरीला तीन: शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षराचा मुख्य देह, खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे लोंबते भाग. 'श्री गुरुकृपा' ही अक्षरे आणि एक फूट उंचीची रोमन अक्षरे शेजारी ठेवून दोन्हींची एकूण उंची समान केली, तर मराठीच्या मुख्य देहाला बहुतेक टंकांत निम्म्याहून थोडीच अधिक, म्हणजे सहा-सात इंच उंची उरते. एक इंच अक्षर दहा फुटांवरून चांगले वाचता येते, असा पाटी करणाऱ्यांचा ढोबळ आडाखा आहे. त्या हिशेबाने रोमन नाव १२० फुटांवरून वाचले जाईल, तर मराठी नाव साठ-सत्तर फुटांवरून. पट्टीने मोजता दोन्ही समान. डोळ्याने पाहता एक दुसऱ्याच्या निम्मे. समानता खरोखरच साधावयाची असेल तर शिरोरेखेपासून पायापर्यंतचा देह रोमन अक्षराच्या उंचीएवढा धरावा लागेल, आणि त्यासाठी मराठीच्या ओळीला पाटीवर जवळजवळ पावणेदोनपट ते दुप्पट उभी जागा द्यावी लागेल. दुकानाच्या पाटीची उंची मात्र दाराच्या शटरने आणि वरच्या मजल्याच्या छज्जाने ठरलेली असते. मग कारागीर उकार चपटे करतो, वेलांटीचा तुरा कापतो, ऋकार अक्षराच्या कुशीत कोंबतो. कायद्याची पूर्तता होते, अक्षराची होत नाही.

क्यूबेकमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवण्याचा प्रयत्न झाला आहे. तेथील १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या सनदेने व्यापारी पाट्यांवर फक्त फ्रेंचच असावी असे म्हटले; कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ती सक्ती रद्द करताना फ्रेंचला ठळक प्राधान्य देण्याची वाट मोकळी ठेवली; १९९३ नंतर हे तत्त्व कायद्यात आले, आणि नियमाने त्याचे माप केवळ अक्षराच्या आकारात न देता व्यापलेल्या जागेतही दिले: फ्रेंच मजकुराला दुसऱ्या भाषेच्या किमान दुप्पट जागा. तेथे दोन्ही भाषांची लिपी एकच असल्याने उंचीचे माप पुरले असते. तरीही जागेचे मापही घेतले गेले. जेथे लिप्याच भिन्न आहेत तेथे उंचीच्या मापावर विसंबणे अधिकच अवघड आहे.

पाटीच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्न वर राखून ठेवला होता. पेंटर अक्षर रंगवीत असे तेव्हा तो ते लिहीत असे. चूक झाली तर ती त्याच्या लेखनाची चूक असे. आता अक्षर संगणकावरील धारिकेतून कापयंत्राकडे जाते. जुन्या सांकेतिक टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये नेताना, किंवा देवनागरीची जुळणी न समजणाऱ्या आरेखनप्रणालीत तो चिकटवताना, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाते, जोडाक्षर फुटून हलन्त उघडा पडतो. कागदावर ही चूक दुरुस्त करता येते. अॅक्रिलिक कापून झाल्यावर येत नाही, आणि म्हणून ती तशीच भिंतीवर चढते. याहून सूक्ष्म प्रकार मराठीच्या खास रूपांचा आहे. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची प्रमाण रूपे. वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा शासन निर्णय २००९ साली निघाला. परंतु अनेक टंकांत हिंदीची रूपे मुळात बसवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितल्यावरच मराठीची रूपे बाहेर येतात. पाटी करणारा ते सांगत नाही, कारण असे काही सांगावयाचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतील डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र हाही असाच. त्याच्या जागी सरळ रफार आला की 'दुसर्या' होते. 'ॲ' या वर्णाला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. तरी ज्या टंकांत तो नाही तेथे पाटीवर चौकोन उमटतो किंवा चंद्र भलत्याच ठिकाणी बसतो. मराठी पाटीची सक्ती आणि मराठी रूपांची अनुपलब्धता या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे मराठीच्या नावाने हिंदी वळणाची देवनागरी भिंतीवर चढते.

हाँगकाँगच्या निऑन पाट्यांचे उदाहरण येथे बोधक आहे. तेथे चिनी अक्षरे आधी सुलेखनकार कुंचल्याने लिहीत असे, 'बेइवेई' नावाच्या ठसठशीत जुन्या वळणाला विशेष पसंती असे, आणि काच वाकवणारा त्या लेखनाबरहुकूम नळी घडवी. अक्षराचा कर्ता आणि प्रकाशाचा कर्ता हे दोघे होते व दोघांचीही नावे पेठेत ठाऊक असत. बांधकामविषयक नियमांमुळे गेल्या काही वर्षांत त्या पाट्या मोठ्या संख्येने उतरवल्या गेल्या, आणि तेथील 'एम प्लस' संग्रहालयाने त्यांतील काहींचा संग्रह केला आहे. मराठीत अक्षराचा कर्ता कागदावर राहिला आणि प्रकाशाचा कर्ता पाटीवर; त्यांची गाठ क्वचितच पडली.

एक बाब अद्याप राहिली. कलम क्रम सांगते, आकार सांगते. प्रकाशाविषयी मौन बाळगते. त्यामुळे अशी पाटी संभवते की जिच्यावर मराठी अक्षरे आरंभी आहेत, मापाने मोठी आहेत, परंतु पत्र्यावर रंगवलेली किंवा चिकटवलेली आहेत. आणि त्यांच्याखालचे रोमन नाव तेवढे पोकळ अक्षरांचे, आतून उजळणारे आहे. सकाळी अकरा वाजता त्या पाटीत कोणताही दोष काढता येणार नाही. संध्याकाळी सात वाजता, गिऱ्हाईक रस्त्यावर असते तेव्हा, तिच्यावर मराठीचे एकही अक्षर नसते. ज्या दुकानदाराजवळ आधीपासून उजळणारे रोमन नाव आहे आणि ज्याला थोडक्या खर्चात पूर्तता करावयाची आहे, त्याला हाच मार्ग सर्वांत सोपा वाटतो. आणि त्यात कायद्याच्या शब्दाचा भंगही होत नाही. जुन्या पाटीचा वीजपुरवठा तोच ठेवून वरच्या ओळीत हलक्या वजनाच्या टंकातील मराठी अक्षरे, मागून उजळणारी, बसवून घेणे यास येणारा जादा खर्च मुख्यतः अक्षरांच्या पेट्यांचा असतो, विजेचा नव्हे. अशा वेळी पाटी करणाराकडून अक्षरे कापण्यापूर्वी पूर्ण मापाची छापील प्रत मागून घ्यावी, ती भिंतीवर लावून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने वाचून पाहावी, आणि अनुस्वार, चंद्र व उकार तेथून स्वतंत्रपणे ओळखू येतात की नाही हे एखाद्या त्रयस्थाला विचारावे.